समजतं, पण बोलता येत नाही

आमच्या आईला तेलुगू येत नव्हतं. निदान सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या चादरीच्या दुकानात तरी येत नव्हतं. रिक्षात बसली की यायचं.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या गावाच्या पूर्व भागात विणकरांची वस्ती. पद्मशाली समाजाची माणसं तेलंगणातून आली, माग टाकले आणि घरात तेलुगू बोलत राहिली. गावात लिंगायत मंडळी कानडी बोलतात, मुसलमान मोहल्ल्यांत दखनी चालते, आणि या सगळ्यांना जोडणारी म्हणून मराठी आहे. ती मराठी ऐकून पुण्याचा माणूस विचारतो, ‘ही कुठली भाषा?’ तेव्हा चार भाषा म्हणजे आमच्याकडे विद्वत्ता नव्हे, ती शेंगा चटणीसारखी ताटात असतेच. कुणी मुद्दाम वाढत नाही आणि कुणी तिचं कौतुकही करत नाही.

तर दुकान. सोलापूरच्या माणसाला चादरी सतत लागतात. स्वतःसाठी नव्हे, नातेवाइकांसाठी. पुण्या-मुंबईच्या आमच्या नातलगांत आमची ओळख माणूस म्हणून कमी आणि चादर म्हणून जास्त आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, सेवानिवृत्ती, काहीही असो, सोलापूरहून पाहुणा आला की आधी त्याच्या पिशवीकडे बघतात. त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा आई आणि मावशी मला ओझी उचलायला बरोबर घेऊन त्या दुकानात जायच्या.

दुकान दोघा भावांचं. थोरले अण्णा गादीवर, धाकटे उभे. आई एक चादर निवडायची, दुसरीकडे बघायची, तिसरीला नावं ठेवायची आणि पहिलीचा भाव विचारायची. अण्णा म्हणायचे, चारशे. आई हसायची. मग मावशीकडे वळून कानडीत पुटपुटायची, ‘मुन्नूर’. म्हणजे तीनशे. तीनशेला मिळाली तर घेऊ. या दोघींचं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळे कानडी त्यांना पाळण्यातच मिळाली होती. तोवर धाकटे चादरीची घडी समोर धरायचे, थोरले घडीखाली हात घालून वीण किती घट्ट आहे ते दाखवायचे, आणि दाखवता दाखवता भावाला तेलुगूत हळूच म्हणायचे, ‘मूडु वंदलकु इच्चेय्.’ तीनशेला देऊन टाक.

आई चादरीच्या किनारीकडे बघत, ब्रह्म आणि माया यांच्यावर विचार चाललाय अशा चेहऱ्यानं म्हणायची, ‘तीनशे. वर एक पैसा नाही.’

धाकट्यांच्या चेहऱ्यावर दर वेळी नवा अचंबा. अक्कांना मालाची काय पारख आहे! अण्णा सुस्कारा टाकत चादर बांधायला सांगायचे. आणि रिक्षात बसल्यावर आई विजयी स्वरात मावशीला म्हणायची, ‘बघ, आपण मनाशी धरलेला भाव आणि त्यांचा शेवटचा भाव कसा रुपयाला रुपया जुळतो!’ भाव वाढत गेले, तीनशेचे पाचशे झाले, पण हे जुळणं वीसेक वर्षं चुकलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आईला तेलुगू येतं का, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे: ‘समजतं, पण बोलता येत नाही.’ सोलापुरात हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. लोक ते विनयानं म्हणतात असं परगावच्या माणसाला वाटतं. माझ्या मते ही भाषाज्ञानाची सर्वांत वरची पायरी आहे. बोलता येणाऱ्यापासून लोक सावध राहतात. समजणाऱ्यासमोर सगळं बोलतात.

सरकारी अर्जात ‘अवगत भाषा’ असा एक तक्ता असतो. वाचता येते, लिहिता येते, बोलता येते, असे तीन रकाने. हा तक्ता करणारा साहेब सोलापुरात कधी राहिलेला नसावा. चौथा रकाना हवा: ‘येत नाही असं दाखवता येतं का?’ पगारवाढ त्याच्यावर द्यायला हवी.

घरात या विद्येचा वापर आमच्याविरुद्ध व्हायचा. पैसे, प्रगतिपुस्तक आणि काकांचं लग्न हे तीन विषय निघाले की आईवडील मराठीतून कानडीत जायचे, आणि आम्ही भावंडं पाटीवर डोकं ठेवून कान टवकारायचो. त्यामुळे आमच्या कानडीचा अभ्यासक्रम कुठल्याही शाळेपेक्षा निराळा होता. ‘माझं नाव अमुक, हे झाड आहे’ असल्या वाक्यांपासून आम्ही सुरुवात केलीच नाही. आमचा पहिला शब्द ‘रोक्क’, म्हणजे पैसे. दुसरा ‘बेडा’, म्हणजे नको. आणि पहिलं पूर्ण वाक्य ‘हुडुगरिगे हेळबेडा’. मुलांना सांगू नकोस. भाषा शिकवण्याची यापेक्षा नामी पद्धत मला अजून कुणी दाखवलेली नाही. फीसुद्धा लागत नाही. समोरच्यापासून काहीतरी लपवायचं, एवढंच.

आम्ही उलट हल्ला केला तो ‘च’च्या भाषेनं. ‘मला पाणी दे’चं ‘चलाम चणीपा चदे’. आठवडाभर आम्ही घरात गुप्तहेरांसारखे वावरलो. आठव्या दिवशी आई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, ‘चडूला चणारनाहीमि.’ लाडू मिळणार नाही. तिच्या व्याकरणात चूक होती, पण मुद्दा पोचला.

आता या चारही भाषा चौकात एकत्र आल्या की काय होतं? फार काही होत नाही. भांडण मराठीत सुरू होतं, दखनीत रंगतं आणि एकाचा मामा दुसऱ्याच्या भावकीतला निघाला की मिटतं. दखनीतलं ‘नक्को’ हे आपल्याच ‘नको’चं भावंड, त्यामुळे नकार द्यायला तरी आम्हाला दुभाष्या लागत नाही. अक्का आणि अण्णा तर मराठी, कानडी, तेलुगू तिन्हीकडे चालतात. ‘तूप’ आपण कानड्यांच्या ‘तुप्प’वरून घेतलं, आणि इतकी वर्षं पोळीवर घालून खाल्लं की आता परत मागायची त्यांची हिंमत नाही. आणि ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला संक्रांतीत सारं सोलापूर लोटतं, ते बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कानडीत आहेत. नमस्कार करताना कुणी भाषा विचारत नाही.

मोजदाद मात्र ज्याची त्यानं आपल्या भाषेत करावी असा निसर्गनियम आहे. अण्णा भाव मराठीत सांगायचे, पण नोटा मोजायचे तेलुगूतच: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आणि तेलुगूत मोजणं फार सरळ. एकोणऐंशी म्हणायचं तर तिथे सत्तर आणि नऊ असा रोखठोक मामला. ऐंशीपर्यंत जाऊन एक पाऊल मागे यायची भानगड नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हटलं गेलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! विधानसभेपासून कट्ट्यापर्यंत सगळीकडे मराठीचं काय होणार याची चिंता. आमच्या पूर्व भागातल्या म्हाताऱ्यांना त्यात बातमी काय ते कळलं नसणार. ते जन्मभर ‘इरवै ओकटि’च म्हणत आले. वीस एक.

शिकायला मी पुण्याला गेलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला मराठीही येत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तासांत पुणं येतं, पण क्रियापद तेवढ्या वेळात बदलत नाही. सोलापुरात आम्ही ‘काय करलालास बे?’ असं विचारतो. म्हणजे काय करतो आहेस. ‘जेवलालोय’ म्हणजे जेवतो आहे. पहिल्याच दिवशी मेसच्या काकूंनी आतून विचारलं, ‘काय रे, जेवण झालं का?’ मी प्रामाणिकपणे म्हणालो, ‘जेवलालोय, काकू.’ त्या आल्या आणि ताट उचलून घेऊन गेल्या. अर्धी पोळी माझ्या हातात होती. दुसऱ्या दिवशीपासून मी ‘जेवतोय’ म्हणायला लागलो. पोटाला चिमटा बसला की माणूस भाषा किती वेगानं शिकतो, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

तिथेच मी जर्मनच्या वर्गाला नाव घातलं, कारण वर्गातली एक मुलगी. (ती दुसऱ्या आठवड्यात फ्रेंचकडे गेली. मी फी भरली होती.) सगळे जर्मनच्या तीन लिंगांना घाबरत होते. मराठी माणसानं का घाबरावं? तो दरवाजा, ती खिडकी, ते कपाट, हे आपण कुठल्या नियमानं ठरवलं? कपाटाला विचारलं होतं का? जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण वर्गात एक गोव्याची मुलगी होती आणि तिच्याकडे कोकणीत मुलगी म्हणजे ‘तें चेडूं’. आपल्याकडेही ‘ते पोरगं कुठं उंडारतंय’ म्हणताना आपण त्याला कुठल्याच बाजूला धरत नाही. उलट कानडी किती दयाळू! टेबल, खुर्ची, कपाट, तिघांनाही ‘अदु’. फर्निचरच्या खासगी आयुष्यात ती भाषा नाक खुपसत नाही.

दुसऱ्या भाषेचा आणखी एक फायदा असा, की ती आपल्याच भाषेचं कुलूप उघडते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं तर तुम्ही घरी जा, ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं तर चपला घाला. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीत नाही. तेलुगूत मात्र अगदी असाच आहे, ‘मेमु’ आणि ‘मनमु’. ही सोय मराठीनं द्राविडी शेजाऱ्यांकडून उचलली, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. हे कळल्यावर मला अण्णांच्या एका वाक्याचा उलगडा झाला. भाव पाडून मागितला की ते हात जोडून म्हणत, ‘अक्का, आपल्याला परवडत नाही.’ आपल्याला! म्हणजे त्यांच्या तोट्यात आई भागीदार. आईसुद्धा क्षणभर हळवी व्हायची.

आता जरा शास्त्राकडे वळतो, कारण त्याशिवाय फायदे सांगितल्यासारखे वाटत नाहीत. २००७ साली टोरांटोच्या संशोधकांनी दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली. मग २०१३ साली डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तिथे फरक निघाला साडेचार वर्षांचा. कॅनडात चार, हैदराबादेत साडेचार. अर्धं वर्ष नक्की घासाघीस करून मिळवलेलं. विशेष म्हणजे जे शाळेत कधीच गेले नाहीत त्यांच्यातही तो फरक दिसला, म्हणजे हा शिक्षणाचा नव्हे, भाषांचाच गुण असावा. सगळ्याच अभ्यासांत हे सिद्ध झालेलं नाही आणि तज्ज्ञ अजून भांडतात. कुठल्या भाषेत ते माहीत नाही.

मी ही बातमी मावशीला वाचून दाखवली. ती ऐंशीच्या पुढची. म्हणाली, ‘साडेचार वर्षं जास्त काय आठवायचं?’ प्रश्न रास्त होता. मावशीला १९७१ सालच्या लग्नात कोण कुणाला काय बोललं ते अजून पाठ आहे, कानडीतलं कानडीत आणि मराठीतलं मराठीत. तिच्या जावांना स्मृतिभ्रंश परवडला असता. त्या हैदराबादच्या अभ्यासात पुढे असंही होतं की दोनाच्या वर भाषा येत असल्या तर त्यानं जास्तीचा फायदा दिसला नाही. हे ऐकून मात्र मावशी दुखावली. ‘म्हणजे तेलुगू आणि दखनी फुकट गेली?’ मी म्हटलं, मेंदूच्या दृष्टीनं तसंच. त्यावर ती म्हणाली, ‘मग चादरीच्या दृष्टीनं बघ.’

मोठ्या माणसांची उदाहरणंही आमच्याकडे आहेत, पण ती थोडक्यात सांगतो, नाहीतर सत्कार समारंभ वाटेल. द. रा. बेंद्रे १९४४ ते १९५६ सोलापूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात कानडी शिकवत होते. घरात मराठी बोलायचे आणि कविता कानडीत लिहायचे. त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला त्या संग्रहाचं नाव ‘नाकु तंति’, म्हणजे चार तारा. कवीला चार तारा म्हणजे काय अभिप्रेत होतं ते समीक्षक सांगतील. चार भाषांच्या गावात बारा वर्षं काढल्यावर सुचलं असणार, असं आम्ही सोलापूरकर धरून चालतो. आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १९१०. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. मुलाचं नाव यिनहुआ. ‘यिन’मध्ये भारत, ‘हुआ’मध्ये चीन. न कळणारी भाषा कानावर पडली की दचकायचं नसतं, ऐकत राहायचं असतं, हे सोलापुरात वाढलेल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही, असा माझा आपला समज आहे.

आता दुकानाकडे परत. त्या दिवशी माझ्या साखरपुड्यासाठी एकदम बारा चादरी घ्यायच्या होत्या. म्हणजे युद्धच. आई मावशीला कानडीत आकडा सांगून मोकळी झाली होती, धाकट्यांनी घडी धरली होती, थोरल्यांचा हात घडीखाली होता. तेवढ्यात धाकट्यांचा दीड वर्षाचा नातू आतल्या दारातून दुडुदुडु आला आणि चहाच्या पेटत्या स्टोव्हकडे हात करून निघाला. कुणाचंच लक्ष नव्हतं. आईचं होतं.

‘वद्दु! वद्दु रा नान्ना!’

नको रे बाळा! उच्चार असा अस्सल की करीमनगरहून आत्ताच बसनं उतरल्यासारखा. पोर जागच्या जागी थबकलं. त्याच्या आजोबांनी त्याला उचललं. आणि मग दुकानात अशी शांतता पसरली की शेजारच्या मागाचा खटखटाट मोजता आला असता. आई खाली चादरीकडे बघत होती. ब्रह्म, माया काही नाही, नुसती चादर.

वीस वर्षांचा हिशेब आता निघणार, या भीतीनं मी चपला शोधायला लागलो.

थोरले अण्णा हसले. म्हणाले, ‘बसा अक्का. तुम्हाला तेलुगू कळतं हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. मी भावाला एक विनोद सांगितला आणि तुमचा पदर तोंडाला गेला.’

‘मग तुम्ही भाव तेलुगूत का सांगत होतात?’ आईचा आवाज बारीक झाला होता.

‘मराठीत सांगितला असता तर तुमचा विश्वास बसला असता का?’

आई गप्प. मग तिला आणखी भयंकर काहीतरी सुचलं असावं, कारण तिनं मावशीकडे बघितलं आणि मावशीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

‘आणि आम्ही दोघी कानडीत बोलायचो ते?’

‘कानडी?’ अण्णांनी चष्मा काढून पुसला. ‘समजतं. बोलता येत नाही.’

चहा आला, बिस्किटं आली. बारा चादरी बांधल्या गेल्या. भाव काय लागला ते सांगत नाही; आईनं मनाशी धरला होता तोच लागला, रुपयाला रुपया.

परतताना रिक्षा कन्ना चौकात येईपर्यंत दोघी बहिणी एक शब्द बोलल्या नाहीत. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, तोंडानं आकडा उच्चारत नाहीत, हे आईला चांगलं ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी बैल असेच घेतले होते. चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती माझ्याकडे वाकली आणि रिक्षावाल्याला कळू नये म्हणून कानडीत कुजबुजली, ‘त्या घडीखाली थोरल्यांनी धाकट्यांची बोटं किती धरली होती रे? बघितलंस का?’

मी म्हटलं, नाही.

रिक्षावाल्यानं हात वर करून आरसा जरा खाली केला.